यादीतली चौथी ओळ

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय टिक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून चालतो. 'पत्रास कारण की' इथपर्यंत मी गेल्या आठवड्यात तीनदा पोहोचलो आणि तिन्ही वेळा कागद फाडला. कारण ठाऊक नव्हतं असं नाही.

आधी घरच्या बातम्या. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. काठी घेऊन चालते आणि दिवसभर काठीला शिव्या घालते. तुझ्या पुतणीला नोकरी लागली. फोनवर आधी 'काका कसे आहेत' विचारते आणि मी 'मजेत' म्हणून ठोकून देतो. तू कसा आहेस हे मला कुठं माहीत आहे? एका शहरात राहतो आपण, चालत वीस मिनिटं, आणि दीड वर्षात तू या घराची पायरी चढलेला नाहीस. वहिनी सुरुवातीला विचारायची, 'तुमच्या दोघांचं काय बिनसलंय?' आता विचारत नाही. तिला बरंचसं कळलंय असं वाटतं. जे कळलेलं नाही तेच आज लिहायला बसलोय.

आगींच्या गुन्ह्यात धरलेल्या त्या पुस्तकांच्या बाइंडरच्या प्रकरणाची चौकशी समिती बसली आहे, हे तू वाचलं असशीलच. येत्या सोमवारी अकरा वाजता माझी साक्ष आहे. मी तिथं जे सांगणार आहे ते तुला त्याआधी माझ्याकडून कळलं पाहिजे, कारण त्यात तू आहेस.

तू म्हणशील, मी कसा काय त्यात? सांगतो. पण सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन.

पहिल्या तीन आगी लागल्या तेव्हा पोलिसांना माझी आठवण झाली नव्हती. शाळेचं भांडार, वाचनालयाची मासिकांची खोली, मग सुतारकामाचं दुकान. प्रत्येक वेळी दुपार, जेवणाच्या सुट्टीची वेळ, कुलूप शाबूत आणि आत रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या. चौथ्या आगीत, नगरपालिकेच्या दप्तरखान्यात, पहारेकरी आत झोपलेला होता. तो गेला. मग वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि इन्स्पेक्टर आमच्या कॉलेजात आले. 'प्रोफेसर साहेब, तुम्ही मनाचे डॉक्टर. हा माणूस आहे तरी कसा, एवढं सांगा.' मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकवतो, हे मी तेव्हा बोललो नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

दहा दिवसांत अकरा पानांचा अहवाल दिला. आम्ही त्याला प्रोफाइल म्हणतो. पुराव्यावरून काय म्हणता येत होतं, सांगू? एवढंच की आग लावणाऱ्याला त्या इमारतींच्या वेळा माहीत होत्या आणि त्याला आत जायला अडचण पडत नव्हती. दोन ओळी. मग बाकीची साडेदहा पानं कुठून आली?

टिक्या, ती तुझ्यावरून आली.

मला तुझ्यावर संशय होता असं मुळीच नाही, कृपा करून तसं वाचू नकोस. पण कागदावर माणूस उभा करायचा होता आणि हाताशी पुरावा नव्हता. पुस्तकांत असतात तसली वर्णनं मी घेतली, आणि ती पोकळ वाटली तिथं ओळखीच्या माणसाचे बारकावे भरले. तीस ते पंचेचाळीस वय, अविवाहित, आईजवळ राहणारा किंवा राहिलेला. हातानं बारीक काम करणारा. माणसांपेक्षा वस्तूंशी जमणारा. थोरल्या भावंडाच्या किंवा वडिलांच्या सावलीत वाढलेला, मनात दबलेली चीड असणारा. गर्दीत मागे उभा राहून टक लावून बघणारा. लहानपणी तू चुलीसमोर कसा तासन्‌तास बसायचास, तेसुद्धा मी 'बालपणी ज्वाळांचं आकर्षण' म्हणून घातलं. थंडी वाजायची म्हणून बसायचास. मला माहीत होतं.

बैठकीत सगळ्यांनी वाहवा केली. एक हवालदार बाई तेवढ्या मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, 'सर, एक विचारू? या वर्णनात बसणारी, पण काहीच न केलेली माणसं गावात किती निघतील?'

मी म्हटलं, 'का हो, तुमचे मिस्टर बसतात का त्यात?'

सगळे हसले. बाई खाली बघून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. 

पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर यादी घेऊन घरी आले. खबऱ्यांनी गल्लोगल्ली फिरून वर्णनाला जुळणारी नऊ माणसं काढली होती. नावंसुद्धा धड नव्हती, धंद्यावरून ओळख लिहिलेली. वहिनी चहा ठेवून आत गेली आणि मी चष्मा लावून वाचायला लागलो. चौथी ओळ अशी होती: 'चौकातला घड्याळवाला. वय एकेचाळीस. अविवाहित. आई वारल्यापासून एकटा. वाचनालयाच्या आगीच्या वेळी तीन तास गर्दीत उभा.'

त्या ओळीवर माझा डोळा किती वेळ थांबला, सांगता येत नाही. इन्स्पेक्टरांचं बशीत चहा ओतून पिणं चाललं होतं. आपण भाऊ आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माझा अकरा पानांचा अहवाल एका निरपराध माणसाला अंगरख्यासारखा बसत होता, आणि तो निरपराध आहे हे मला जितकं माहीत होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं. म्हणजे अहवाल कुचकामी होता. हे कळायला मानसशास्त्र लागत नाही. त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, हा माझा भाऊ. यानं काही केलेलं नाही. तेव्हा माझं वर्णन बाजूला ठेवा.'

मी खिशातली पेन्सिल काढली, चौथी ओळ खोडली आणि म्हटलं, 'हा नाही.'

'का हो?'

'वय जास्त आहे.'

एकेचाळीस. मीच पंचेचाळीसपर्यंत लिहिलं होतं. पण त्यांनी मान डोलावली. मनाच्या डॉक्टरला कोण उलट विचारणार? मग म्हणाले, 'बरं, राहिलेल्यांत सगळ्यात जवळचा कोण वाटतो?'

पाचवी ओळ बाइंडरची होती. वय अडतीस, आईजवळ राहणारा, वाचनालयाची पुस्तकं बांधणारा, त्याच आगीच्या वेळी तीन तास उभा. तू ज्याच्या शेजारी उभा होतास तोच. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांची नजर तुझ्या ओळीवरून लवकर हलावी, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बोट ठेवायला काही जड गेलं नाही, हेही लिहून टाकतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू घरी आलास तो दिवस मला पुन्हा लिहायचाय. त्याला धरून नेल्याच्या तिसऱ्या दिवशी तू आलास. चपला न काढता दारातच उभा राहिलास.

'दादा, तू एक शब्द टाक. तो तसा नाही. आम्ही रोज बुद्धिबळ खेळतो. त्यानं वीस वर्षं बांधलेली पुस्तकं जळत होती म्हणून तो तिथं उभा होता. रडत होता तो.'

मी म्हटलं, 'अशी माणसं वरून शांतच दिसतात, टिक्या. रडणंसुद्धा बसतं त्यात.'

'तू त्याला भेटलास तरी का?'

'भेटायची गरज नसते. तेच तर शास्त्र आहे.'

तू माझ्याकडे बघितलंस आणि निघून गेलास. मागून हाक मारली नाही. तू बसला असतास, विचारत राहिला असतास, तर कदाचित माझ्या तोंडून चौथ्या ओळीचं निघालं असतं. तू गेलास याचं मला बरं वाटलं होतं.

अकराव्या दिवशी त्यानं कबुली दिली. वर्तमानपत्रात चौकटीत छापून आली. सकाळी वहिनीनं मोठ्यानं वाचली: 'आग पेटली की सगळे पळतात आणि मी एकटा स्थिर असतो. तेवढा वेळ मी कुणाच्या खाली नसतो.' ती थांबली आणि म्हणाली, 'अहो, हे तर तुमचं वाक्य आहे. टाईप करायला तुम्ही मलाच दिलं होतं.'

'म्हणजे बघ,' मी म्हटलं, 'किती अचूक निघालं.'

ती वर्तमानपत्राची घडी घालून उठली. त्या दिवसापासून तिनं माझं काही टाईप केलेलं नाही.

चार महिने आगी थांबल्या. सगळे म्हणाले, बघा, माणूस बरोबर धरला. मग दवाखान्याची फायलींची खोली पेटली, तशाच चिंध्या, तीच दुपारची वेळ. बाइंडर तुरुंगात. आता तरी मी तोंड उघडावं की नाही? इन्स्पेक्टरांचा फोन आला आणि मी त्यांना आणखी एक पान लिहून दिलं: 'हा अनुकरण करणारा दुसरा इसम असावा.' त्या पानासाठी त्यांनी मला धन्यवादाचं पत्र पाठवलं.

त्या हवालदार बाईंनी मात्र माझं पान वाचलंच नाही. त्यांनी पाचही जागांची येणाऱ्या-जाणाऱ्यांची रजिस्टरं मागवली, शाळेची, वाचनालयाची, अगदी सुताराच्या दुकानमालकाचीसुद्धा, आणि दोन महिने ती ओळीनं वाचली. प्रत्येक ठिकाणी आगीच्या आधीच्या महिन्यात एकच सही होती. आग विझवायची नळकांडी विकणारा आणि तपासायला येणारा माणूस. चोपन्न वर्षांचा, बायको, दोन लग्न झालेल्या मुली, नातू. आग लागली की आसपासच्या सगळ्या कचेऱ्या घाबरून त्याच्याकडे मागणी नोंदवायच्या. त्याच्या पेटीत चिंध्या आणि त्या खोल्यांच्या नकली किल्ल्या सापडल्या. ना दबलेली चीड, ना ज्वाळांचं आकर्षण. मी मनाचे तळ शोधत बसलो आणि तिथं नुसता धंदा होता.

आमच्या कॉलेजातही यायचा तो. मी त्याला माझ्या खोलीत दोनदा चहा पाजलाय. फार गप्पिष्ट, हसतमुख. तो गेल्यावर मी शिपायाला म्हणालो होतो, 'माणूस कसा मोकळा असावा, बघ.'

बाइंडर सात महिन्यांनी सुटला. त्याला भेटायला मला आणखी दहा महिने लागले. गेल्या रविवारी गेलो.

दार त्याच्या आईनं उघडलं. तिला नीट दिसत नाही. 'वाचनालयातले का?' म्हणाली आणि मी नाही म्हणायच्या आत बसायला खुर्ची पुसून दिली. मग स्वतःच बोलत राहिली. मुलगा आत होता तेव्हा चौकातला घड्याळवाला रोज दोन्ही वेळा डबा आणायचा, औषधं मोजून द्यायचा. 'त्याचा भाऊ म्हणे मोठा माणूस आहे कुणीतरी. पण तो कधी नाव काढत नाही त्याचं. चांगली माणसं अशीच, मोठेपणा मिरवत नाहीत.'

टिक्या, मी त्या खुर्चीत बसलो होतो.

तो बाहेर आला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही त्याचा, हे तुला माहीत असेल. मी कोण ते सांगितलं. त्यानं आईला आत जायला सांगितलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी पाठ करून आणलेली माफी म्हणायला लागलो. त्यानं मध्येच थांबवलं.

'ते वाक्य तुमचं का? स्थिर असतो, ते?'

'हो.'

'मला ते येत नव्हतं. मी सारखा 'उभा असतो' म्हणायचो. ते म्हणायचे, उभा नाही, स्थिर. तीन दिवस लागले मला पाठ व्हायला.' मग म्हणाला, 'अवघड लिहिता तुम्ही.'

रागावून नाही बोलला. रागावला असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. चौथ्या ओळीचं मी त्यालाही सांगितलं. त्यानं विचारलं, 'त्याला सांगितलंत?' मी नाही म्हटलं. 'मग आधी तिकडे जा,' म्हणाला आणि दार उघडून धरलं.

तिकडे यायला पाय उचलला नाही, म्हणून हे पत्र.

आता मागणं. सोमवारी मी यादीचं सगळं सांगणार आहे, ते ठरलंय. पण खोडलेली ओळ कुणाची होती हे सांगितलं नाही तर साक्ष लंगडी पडते, असं बाइंडरच्या वकिलांचं म्हणणं आहे. नाव घेतलं तर उद्या तुझ्या दुकानासमोरून जाणारे म्हणतील, हाच तो, वर्णनात बसलेला. तेव्हा तुझ्या होकाराशिवाय मी नाव घेणार नाही. तुझ्या पाठीमागे एकदा ठरवलं, पुन्हा नाही ठरवणार. हो असेल तर दोन शब्द कळव. उत्तर आलं नाही तर तुझा नकार आहे असं समजेन, आणि त्यात तुझी काही चूक नसेल.

सात महिने एका निरपराधाला आत ठेवून मी रोज कॉलेजात जाऊन तास घेतले. इतकं लिहूनही लाज कमी झाली नाही. लिहून कमी होईल असं का वाटलं होतं, कोण जाणे.

थोरला

*

बुधवार, १७ फेब्रुवारी

प्रिय टिक्या,

तुझं उत्तर आलं नव्हतं. सोमवारी सकाळपर्यंत वहिनी दोनदा काठी टेकत पत्रपेटीपाशी जाऊन आली. तिला मी रविवारी सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'त्या दिवशी कपबशा उचलायला आले तेव्हा तुमच्या हातात पेन्सिल होती. मला वाटलं, पेपर तपासताय.'

म्हणून साक्षीत मी तुझं नाव गाळलं. पेन्सिलीचं सांगितलं, बोटाचं सांगितलं, अनुकरणाचं पान कसं लिहिलं तेही. खोडलेली ओळ 'माझ्या ओळखीच्या एका निरपराध माणसाची' होती, एवढंच म्हटलं. पोलिसांचे वकील लगेच उठले. 'ओळखीचा म्हणजे कोण? नाव नाही, गाव नाही. प्रोफेसर आपलं पाप हलकं करायला गोष्ट रचतायत.' अध्यक्षांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा म्हटलं, 'नाव घ्यायची मला परवानगी नाही.' मूळ यादी गहाळ झाल्याचं पोलिसांनी आधीच सांगितलेलं. ती साक्ष माझ्या डोळ्यांदेखत वाया चालली होती.

तू मागच्या बाकावर आहेस हे मला ठाऊक नव्हतं. आवाज आला तेव्हाही मी वळलो नाही. वळायची हिंमत नव्हती.

'ती ओळ माझी आहे. चौकातला घड्याळवाला. हा माझा भाऊ.'

वकिलांनी विचारलं, 'तुम्हाला हे कधी कळलं?' तू म्हणालास, 'शुक्रवारी. पत्रानं.' आणि पत्र खिशातून काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलंस. ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाईल असं मला लिहिताना वाटलं नव्हतं. वाचलं गेलं. चुलीचंसुद्धा. कारकून वाचत होता आणि माझ्या समोरच्या लाकडी कठड्याचा रंग कुठे कुठे उडालाय ते मी बघत होतो. हक्काची शिक्षा होती ती. तू नीट ओळखलीस.

अध्यक्ष म्हणाले, 'तुम्हाला आणखी काही सांगायचंय?'

'यादीत मी आणि बाइंडर खालीवर होतो,' तू म्हणालास. 'फरक एवढाच की मला भाऊ होता.'

इन्स्पेक्टर मान खाली घालून बसले होते. अध्यक्षांनी सगळं शब्दशः नोंदवून घेतलं. काल बाइंडरच्या वकिलांचा फोन आला होता: कबुली पढवून घेतली हे समितीनं मान्य केलंय, आणि असल्या वर्णनाच्या जोरावर कुणालाही अटक करू नये अशी शिफारस जाणार आहे. त्या हवालदार बाईंची साक्ष उद्या. मी जाणार आहे ऐकायला. त्यांच्या प्रश्नावर मी काय म्हणालो होतो ते त्यांच्यासमोर पुन्हा बोलून माफी मागायचीय, टोमणा भर बैठकीत मारला होता, म्हणून तीही चारचौघांत.

कॉलेजात सांगून टाकलं की हा विषय आता मी शिकवणार नाही. प्राचार्य म्हणाले, उलट तुम्हीच शिकवा. काय करायचं ते कळत नाही. शिकवला तर पहिल्या तासाला ती अकरा पानं वाटेन आणि विचारेन, यात पुरावा किती ओळींचा, शोधा.

तू आणि बाइंडर जिन्यानं खाली गेलात तेव्हा मी वरच्या खिडकीत होतो. तो डाव्या बाजूनं चालत होता, तू त्याची पिशवी घेतली होतीस. कोपऱ्यावर थांबून तो काहीतरी बोलला आणि तू हसलास. तुला हसताना मी दीड वर्षानं पाहिलं. मी खाली आलो नाही. मी आलो असतो तर ते हसू थांबलं असतं.

घरी ये असं म्हणायला मला तोंड नाही, आणि वहिनीनं लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो की ती तुझी वाट बघते. ती तिची. माझं काही मागणं नाही. तू अध्यक्षांपुढे 'हा माझा भाऊ' म्हणालास ते साक्षीपुरतं होतं की कसं, हे मी विचारणार नाही. पण सरकारी कागदावर तसं लिहिलं गेलंय, तेव्हा तेवढ्या आधारावर सही करतो.

तुझा भाऊ